बत्तीस हजार खण

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदी ओलांडून आलं की डाव्या हाताच्या तिसऱ्या गल्लीत बापूसाहेब चांदूरकर वकिलांचं घर होतं. सन सहासष्टच्या मे महिन्यात त्या घरात सून आली. माहेरची ती सिंधू सगदेव, अमरावतीच्या सगदेव मास्तरांची मुलगी. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं, कमलाकांतनं, अंगठीनं त्यात ‘रमा’ असं नाव लिहिलं. कमलाकांताच्या घरी रमाच शोभते, असं बापूसाहेब कौतुकानं म्हणाले. पेढे वाटले गेले. गल्लीला, पक्षकारांना, दूधवाल्याला, पोस्टमनला, सगळ्यांना नाव कळलं. तिला ते आवडलं नाही असं नाही. फक्त कोणी हाक मारली की ‘ओ’ द्यायला तिला क्षणभर उशीर व्हायचा, आणि सासूबाई, गोदाबाई, शेजारणीजवळ म्हणायच्या की सूनबाईंना जरा कमी ऐकू येतं की काय कोण जाणे.

तिच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी एक जाड लोकरी शाल निघाली. अकोल्याचा मे महिना, कौलं तापून घरात तव्यासारखी धग, आणि नव्या नवरीच्या ट्रंकेत शाल. गोदाबाईंनी ती दोन बोटांनी उचलून पाहिली आणि परत ठेवली. शालीखाली लांबरुंद कागदांचा वीतभर जाड गठ्ठा होता. दोन्ही कडांना ओळीनं भोकं पाडलेली, आणि पानामागून पान नुसते आकडे.

शाल आणि गठ्ठा दोन्ही मुंबईचे होते. नागपूरला गणितात एम.एस्सी. झाल्यावर सिंधूनं पेपरातली जाहिरात पाहून अर्ज केला होता, आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत तिला काम मिळालं होतं. तिथं एक अमेरिकन गणकयंत्र आलं होतं. एका मोठ्या दालनात ते कपाटांसारखं ओळीनं मांडलेलं होतं, आणि ते तापू नये म्हणून दालन इतकं थंड ठेवत की आत जाणाऱ्या मुली बाहेरच्या घामातून आत शिरताना दारातच शाल अंगावर ओढून घेत. सिंधूनं त्या गारव्यात दोन वर्षं काढली. आता दुपारी अकोल्याच्या उन्हात डोळे मिटले की तिला आधी तो गारवा आठवे, मग टेपची चाकं झटका देऊन थांबत आणि पुन्हा फिरत त्याचा आवाज.

तिच्या गटाचे प्रमुख होते उत्तमराव काळमेघ. दर्यापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, अमेरिकेत शिकून आलेला. परदेशी पाहुण्यांशी फर्डं इंग्रजी बोलत, पण अमरावतीची पोर गटात आली म्हटल्यावर तिच्याशी कायम गावाकडच्या बोलीत बोलले. पहिल्या दिवशी ती यंत्रापुढे हात बांधून उभी राहिली तर म्हणाले, “घाबरून काहून राहिली? हे यंत्र बह्याड हाये बाई. वरूडले संत्र्याच्या पेट्या मोजनारा मानूस याच्यापेक्षा हुशार असते. फक्त हे थकत नाई, येवढंच.”

त्या बह्याड यंत्राला बत्तीस हजार खण होते. प्रत्येक खणाला नंबर, आणि प्रत्येक खणात एकच आकडा मावे. यंत्राची मेमरी ती हीच. हिशेब करणारा भाग भलताच चपळ होता, आणि टेपवरून आकडे येत ते त्याच्या मानानं बैलगाडीनं. गाडीची वाट पाहत त्यानं बसून राहावं हे परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून यंत्रात चॅनेल नावाचा वेगळा भाग होता. त्याला एकदा सांगायचं की अमक्या टेपवरचे एवढे आकडे अमक्या नंबरच्या खणापासून पुढे भरत जा, आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं. चॅनेल आपला आकडे भरत बसे आणि काम संपलं की घंटा दिल्यासारखी खूण करी.

ही वाटून देण्याची व्यवस्था पाहणारा एक कायमचा प्रोग्रॅम यंत्रात बसलेला असे. त्याला मॉनिटर म्हणत. त्यातला जागा नेमून देणारा भाग सिंधूचा होता. एकशे ऐंशी ओळी. तो तिनं लिहिला होता, आणि तो पूर्ण बरोबर नव्हता.

हे बापूसाहेबांना समजावून सांगायची पाळी जूनमध्ये आली. एका दुपारी ते कोर्टातून लवकर परतले तर सूनबाई माजघरात जमिनीवर ते कागद पसरून, गुडघे टेकून, पेन्सिलीनं खुणा करत होती. बापूसाहेब रागावले नाहीत. ते झोपाळ्यावर बसले आणि साक्षीदाराला विचारावं तसे विचारू लागले की हे काय आहे आणि यात तिचं काय अडकलंय.

तिनं त्यांच्या ओळखीची जागा निवडली. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या येतात तेव्हा मालक स्वतः गाडी उतरवत नाही. तो हमालाला सांगतो की चौदा नंबरच्या गोदामात टाक, आणि निघून जातो. हमाल मालकाला पुन्हा पुन्हा विचारायला येत नाही, त्याला दारावरचा नंबर कळतो. आता आवारात एकाच वेळी चार शेटजींचा माल आहे. प्रत्येक शेटजी आपापल्या वहीत आपलं पहिलं गोदाम एक नंबर धरून चालतो. पण आवारातला खरा नंबर कुणाचा चौदा असतो, कुणाचा तीस. तेव्हा शेटजीनं “माझं दोन नंबर” म्हटलं की हमालाला खरा नंबर काढून देणारा कोणीतरी मुनीम लागतो.

“तो मुनीम म्हणजे तू,” बापूसाहेब म्हणाले.

“माझा भाग. हो.”

“मग अडलंय कुठं?”

अडलं होतं ते असं. एखाद्या शेटजीचं काम संपलं की मध्येच गोदामं रिकामी पडत. नव्या मोठ्या मालाला सलग जागा हवी म्हणून मॉनिटर उरलेल्यांना सरकवून एकमेकांशेजारी लावी. शेटजींना याचा पत्ता लागत नसे, कारण मुनिमाच्या तक्त्यात नवे नंबर लिहिले की झालं. पण हमाल वाटेत असताना हे केलं तर? हमाल बिचारा जुन्याच नंबरावर जाणार, आणि तिथं आता दुसऱ्याचा माल. म्हणून मुनिमानं अशा जागेवर “हलवू नका” अशी खूण करायची, आणि हमालानं घंटा दिली की पुसायची. सिंधूनं नेमकं तेच केलं होतं. तरीही वीस-तीस कामांत एखाद्या कामात एकाचे आकडे दुसऱ्याच्या खणात जाऊन पडत.

बापूसाहेबांनी चष्मा काढला. “चूक हमालाची?”

“नाही. तो सांगितलं तेच करतो.”

“शेटजीची?”

“नाही.”

“म्हणजे तुझी.”

“माझीच.”

“कबुलीजबाब,” बापूसाहेब म्हणाले, आणि आत वळून गोदाबाईंना सांगितलं की सूनबाईंचं काम चालू आहे, हे कागद कुणी पापड वाळवायला घेऊ नका. गोदाबाईंनी तोवर दोन पानं घेतली होती.

ही चूक सापडायच्या आतच लग्न ठरलं होतं. सोडून जायच्या दिवशी उत्तमरावांनी तिला संपूर्ण प्रोग्रॅमची छापील प्रत दिली आणि म्हणाले, पोस्टानं काम कर. दुरुस्ती कागदावर लिहून पाठव, इथं पोरी कार्डांवर भोकं पाडून ती यंत्राला वाचायला देतील, चालवून पाहू, जे निघेल ते तुला परत धाडू. मुदत मात्र दिवाळीची. तोवर जमलं नाही तर तिचा भाग काढून टाकायचा आणि यंत्र पहिल्यासारखं एका वेळी एकच काम करत बसेल, असं वर ठरलं होतं. “तुह्या हातचं हाये म्हून थांबलो,” ते म्हणाले. “दुसऱ्याचं असतं तं कवाच फेकून देल्लं असतं.”

त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं पहिली दुरुस्ती पाठवली, आणि त्या दिवसापासून पोस्टमनची वाट पाहू लागली.

पोस्टमन पुंजाराम त्या गल्लीत वीस वर्षं टपाल वाटत होता. साडेअकराच्या सुमाराला त्याची सायकल वळणावर दिसे. तोवर रमा काहीतरी काम काढून दाराशी येई, कधी तांदूळ निवडायला, कधी नुसतंच उंबरठा पुसायला. पुंजाराम लांबूनच मान हलवी. “आज काई नाई, रमाबाई.” मग दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जून गेला. तिनं दुसरं पत्र टाकलं, त्यात दुसरी दुरुस्ती. जुलैही गेला. अमरावतीहून वडिलांची कार्डं येत, कमलाकांतला कॉलेजची पत्रं येत, बापूसाहेबांना तर ढीगभर. मुंबईहून काही नाही.

आधी तिला वाटलं की यंत्र बिघडलं असेल. मग वाटलं, उत्तमराव परदेशी गेले असतील. शेवटी जे वाटायचं तेच वाटलं, की तिकडे आपल्यावाचून सगळं सुरळीत चाललंय आणि आपला भाग त्यांनी दिवाळीची वाट न पाहताच काढून टाकलाय. आपल्या जागी कोण बसलं असेल तेही ती मनात ठरवून टाके. यंत्राच्या दालनाबाहेर शाली टांगायला खुंट्या होत्या, तिची डावीकडून चौथी. त्या खुंटीवर आता कुणाची शाल असेल, हा विचार भाकरी थापताना यायचा आणि भाकरी एका बाजूनं जाड व्हायची.

तरीही ती रोज दुपारी कागद पसरून बसे. हातात प्रत होती, डोकं होतं, यंत्र तेवढं नव्हतं. ती स्वतःच यंत्र व्हायची. एका पाटीवर खण आखून, एकेक ओळ वाचून, खडूनं आकडे टाकायची आणि पुसायची. जे यंत्रानं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात केलं असतं त्याला तिला तीन दुपारी लागत. एक टेप घेऊन तिनं सगळं तपासलं, बरोबर निघालं. दुसरी टेप घेऊन तपासलं, तेही बरोबर. चूक टेपच्या शेवटाशी असणार, मोजणीत एखादा आकडा कमी पडत असणार, अशी तिची खात्री होती. पहिल्या दोन्ही दुरुस्त्या तिनं त्या धोरणानंच पाठवल्या होत्या.

श्रावणात सगदेव मास्तर लेकीला भेटायला अमरावतीहून आले. जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक जाड पाकीट काढलं. म्हणाले, मुंबईहून माझ्या पत्त्यावर आलंय, तुझं आहे, पोस्टात टाकायला मन धजेना म्हणून हातानंच आणलं.

आत उत्तमरावांचं पत्र होतं, छापील कागद होते आणि दोन बंद पाकिटं होती, मुंबईहून अकोल्याला जाऊन परत मुंबईला आलेली. दोन्हींवर उत्तमरावांच्या हातचा पत्ता होता, कुमारी सिंधू सगदेव, गल्लीचं नाव, घराचा नंबर. आणि दोन्हींवर आडव्या, ठसठशीत अक्षरात शेरा होता, “या नावाचे कोणीही या घरी राहत नाही.” खाली पुंजारामची सही.

उत्तमरावांनी लिहिलं होतं, “पोट्टे, तू अकोल्यात हाये का नाई? दोनदा पाठवलं, दोनदा वापस आलं. मले वाटलं सासरच्याईनं बंद केलं तुह्यं काम. मंग म्हनलं, बापाले विचारून पाहाव. तुह्या दोन्ही दुरुस्त्या चालवून पाह्यल्या. फरक नाई पडला. आकडे सोबत हायेत. दिवाळी जवळ येऊन राह्यली.”

तिनं तो शेरा पुन्हा वाचला. तो खोटा होता असं म्हणायला तिच्याजवळ काही नव्हतं. दोष तिचाही होता. लग्नानंतर लिहिलेल्या दोन्ही पत्रांत तिनं नवं नाव कळवलं नव्हतं. पत्ता लिहिताना द्वारा बापूसाहेब असंही घातलं नव्हतं, होस्टेलवर लिहायची तसा नुसता नंबर. विसरली म्हणावं तर तसंही नाही. त्या एका ठिकाणी तरी आपण होतो तसंच असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती दोन्ही पाकिटं घेऊन दारात उभी राहिली. पुंजाराम सायकलवरून उतरला. पाकिटं पाहून त्याचा चेहरा पडला नाही. त्यानं टोपी काढली, पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं.

“या गल्लीतल्या म्हशीचं बी नाव मले पाठ हाये, रमाबाई,” तो म्हणाला. “बापूसाहेबाच्या घरी कुमारी कोनी हाये का? तुमीच सांगा.”

ती म्हणाली की लग्नाच्या आठवड्यात याच नावाच्या तारा त्यानंच आणून दिल्या होत्या.

“आनल्या ना. दोन तारा अन् एक जाडं पाकीट. देल्लं का नाई? मले मालूम होतं ना तवा, नवरीचं थे नाव हाये म्हून. ध्यानात ठेवलं म्या. मंग थे पाकीट देल्लं, तुमी सही केली, बापूसाहेबानं पेढा देल्ला. म्हनलं झालं, जुन्या नावाचं काम खतम. पुसून टाकलं डोक्यातून.”

“पण अजून पत्रं यायची होती.”

“थे मले कोन सांगनार? एक आलं, देल्लं, संपलं. मांगून आनखी दोन निंगाले हायेत हे मालूम असतं तं मोजून ठेवलं असतं, अन् शेवटलं हाती देईपावतर नाव नसतं पुसलं. म्या का दुश्मन हावो तुमचा?”

ती हातातल्या पाकिटांकडेच पाहत राहिली. पुंजारामला वाटलं बाई रागावली. तो तांब्या पायरीवर ठेवून उठला, आणि यापुढं कोणत्या बी नावाचं आलं तरी आधी तुमाले दाखवीन, असं दोनदा सांगून गेला.

ती आत आली आणि थेट गठ्ठ्याकडे गेली. “हलवू नका” या खुणेसाठी तिनं एकच खण ठेवला होता. हमाल पाठवला की त्यात एक, घंटा आली की शून्य. एक टेप असली तर ठीक. पहिलीचं काम संपल्यावर दुसरी मागवली तरी ठीक. पण एकाच प्रोग्रॅमनं दोन टेपा एकदम मागवल्या तर? पहिला हमाल निघाला, खूण झाली. दुसरा निघाला, खूण होतीच. पहिल्यानं घंटा दिली, मुनिमानं खूण पुसली. दुसरा अजून वाटेत होता, आणि जागा हलवायला मोकळी झाली होती. दोन्ही टेपा तिनं पाटीवर तपासल्या होत्या, पण एकेक करून. दोन्ही एकदम तिनं कधी चालवल्या नव्हत्या. उत्तमरावांनी पाठवलेले आकडे तिनं काढले. त्यांत बिघडलेली कामं पाच होती, आणि पाचही दोन टेपांची.

तिथं खूण नको होती, मोजणी हवी होती. एक हमाल निघाला की एक मिळवायचा, एक घंटा आली की एक वजा करायचा, आणि खणात शून्य येईपर्यंत त्या जागेला हात लावायचा नाही. संध्याकाळचे दिवे लागायच्या आत चौदा ओळी बदलून झाल्या.

बापूसाहेबांना तिनं सांगितलं तेव्हा त्यांना ते लगेच उमगलं. “एका आरोपीवर दोन खटले. एकात जामीन झाला म्हणून तुझ्या जेलरनं दार उघडून दिलं.” मग म्हणाले, “असं आमच्याकडेही झालंय.” आणि तो किस्सा त्यांनी रात्रीच्या जेवणापर्यंत पुरवला.

चौदा ओळींचे कागद तिनं स्वच्छ अक्षरात उतरवून पाकिटात घातले. पाकीट कपाटावर ठेवलं. ते तिथं चार दिवस राहिलं.

कमलाकांत अकोल्यातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवी. बोलका नव्हता, पण त्याला दिसायचं ते दिसायचं. पाचव्या दिवशी सकाळी तो सायकल काढताना थबकला आणि म्हणाला, वाटेत पोस्ट आहे, देतेस का ते?

ती म्हणाली, मी टाकीन.

“झालं म्हणत होतीस ना?”

“झालं.”

“मग?”

ती पदराला हात पुसत राहिली. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. “हे चाललं नाही तर ते दिवाळीला माझा भाग काढून टाकतील. आणि चाललं, तर त्यांना मला काही पाठवायचं कारण उरत नाही.”

“चालेल का?”

“चालेल.”

कमलाकांतनं सायकल भिंतीला टेकवली. “तुला परत जायचंय का?”

“तुम्हाला सोडून नाही.”

“ते मी विचारलं नाही.”

ती म्हणाली, “हो. रोज जायचं असतं मला. सकाळी उठले की पहिलं तेच. मग चहा ठेवते.”

त्यानं मान हलवली. मुंबईत त्याला काम मिळेल का, बापूसाहेबांच्या वयाचं काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. जाताना तो एवढंच म्हणाला की आज ऊन आहे, पुलावरून जाशील तर छत्री घे.

दुपारी ती छत्री घेऊन निघाली. मोर्णेला पाणी होतं. पलीकडे बाजारात छकडी उभी होती, नवं दप्तर घेतलेल्या दोन पोरी खिदळत चालल्या होत्या, आणि कापसाची झाडं या साली फुटभर वर आली आहेत, असं दोन शेतकरी पानाच्या ठेल्यापाशी एकमेकांना सांगत होते. या सगळ्यांतून चालत तिनं पाकीट रजिस्टर केलं. पाठीमागे पत्ता लिहिला तो पूर्ण, सौ. रमा कमलाकांत चांदूरकर, द्वारा बापूसाहेब चांदूरकर वकील. आतल्या पत्राखाली सही होती ती सिंधू अशीच. कारकुनानं पाकिटावर शिक्का मारला तेव्हा तिला ते परत मागावंसं वाटलं, पण मागे रांग होती.

उत्तर आलं ते दसऱ्याच्या सुमाराला. पुंजारामनं ते पाकिटांच्या गठ्ठ्यात न ठेवता वेगळं, शर्टाच्या खिशात घालून आणलं होतं. “तुमचंच हाये, रमाबाई. मोजून एक,” म्हणाला.

या वेळी पाकीट पातळ होतं. आकड्यांचे कागद नव्हते, एकच पान होतं.

“बाई,” उत्तमरावांनी लिहिलं होतं, “तुह्या चौदा ओळी लावल्या. आज बारा दिवस झाले, एकशे दहा कामं चालली, एक बी बिघडलं नाई. दोन टेपा लावल्या, तीन लावल्या, मुद्दाम खोड्या करून पाह्यल्या, तुह्या भागानं दाद देल्ली नाई. वरच्याईले सांगतलं, हे आता कायमचं. रोज दुपारी दोनले मोठं काम चढवतो. पयले दीड घंटा लागे, आता पाऊन घंट्यात होते. आता काई पाठवू नको, काई लागत नाई. सासऱ्याले नमस्कार सांग. त्या पोस्टमनले बी सांग.”

तिनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. बापूसाहेब खूष झाले, गोदाबाईंनी शिरा केला, कमलाकांतनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वाटीतला अर्धा शिरा तिच्या वाटीत घातला. पुंजारामला नमस्कार पोचवला तेव्हा तो लाजला.

त्यानंतर मुंबईहून काही आलं नाही. येण्याचं कारण नव्हतं. पुढच्या जूनपासून ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली आणि चांगली शिकवायची, असं अकोल्यातल्या कितीतरी बाया आजही सांगतील. पण हे शाळा लागायच्या आधीचं, त्याच कार्तिकातलं. जेवणं उरकून घर आडवं झालेलं असे. दोनला पाच मिनिटं कमी असताना ती माजघरात भिंतीला टेकून बसे. हातात काही नसे, ना निवडणं, ना टिपणं, ना पुस्तक.

एकदा गोदाबाईंना जाग आली. त्यांनी विचारलं, “काय गं, बसलीस का अशी? बरं नाही का?”

“बरं आहे. एक काम चाललंय.”

गोदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कुठं काही चाललेलं दिसलं नाही. त्या कुशीवर वळल्या.

तिकडे टेपची चाकं फिरायला लागली असतील. चॅनेल खरा नंबर मागत असेल, तो काढून दिला जात असेल, एक हमाल निघाला की एक मिळवला जात असेल. शाली पांघरलेल्या मुली काचेपलीकडे उभ्या असतील आणि त्यांना त्यातलं काही दिसत नसेल, दिसायचं काही नव्हतंच. ती घड्याळाकडे पाहत नव्हती. किती झालं असेल ते तिला आतूनच कळे. शेवटची घंटा, शेवटची वजाबाकी, शून्य. पावणेतीन वाजले असतील असं धरून ती उठली आणि चहाचं आधण ठेवलं.